राजांच्या बागा आणि घरचा पुदिना

नागपूर शहरावर इंग्रजी अमदानीत जी जुनी गॅझेटियरे लिहिली गेली, त्यांत भोसल्यांच्या बागांचा उल्लेख आवर्जून येतो. सीताबर्डीची महाराजबाग, शहराच्या आतली तुळशीबाग, आणि बाहेरच्या अंगाला पालडी, सक्करदरा, सोनेगाव व तेलंगखेडी येथील बागा. या सहांपैकी महाराजबाग आणि तेलंगखेडी यांना आजही बाग म्हणता येते. तुळशीबाग हे महाल भागातल्या वस्तीचे व रस्त्याचे नाव होऊन बसले आहे. तेथे तुळशी असतील त्या घरोघरच्या कुंड्यांतून. सक्करदरा म्हटले की आजच्या नागपूरकराला चौक आठवतो, तलाव आठवतो, बुधवारचा बाजार आठवतो. बाग काही आठवत नाही. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले, आणि ज्या उत्पन्नावर माळी, मोटा आणि पाट चालत ते उत्पन्नच गेले. राज्याबरोबर बागांचे वैभव ओसरले, यात नवल नाही.

नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. राजाच्या बागेतून जे झाड एकदा लोकांच्या हाती गेले, ते मात्र राज्य बुडाल्यावरही राहिले. आपल्या संत्र्याचेच पाहा. रघुजीराजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेकडून संत्रा आणविला आणि आपल्या परसबागेत लावला, ही हकीकत नागपुरात सर्वत्र सांगितली जाते. पुढे जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून हे झाड काटोल, नरखेड, मोर्शी, वरुडपर्यंत गेले. ते बी पेरून नव्हे, डोळा बांधून गेले. म्हणजे एका झाडाचा तुकडा दुसऱ्या झाडावर, त्याचा तिसऱ्यावर. ज्या झाडाचे असे देणेघेणे झाले ते टिकले. हीच गोष्ट संत्र्याहून कितीतरी लहान, कुंडीत मावणाऱ्या एका वनस्पतीच्या बाबतीत अधिकच खरी आहे, आणि तिच्याविषयीच आम्हांस बोलायचे आहे. ती वनस्पती म्हणजे पुदिना, आणि त्याचे ते निरनिराळ्या वासांचे भाईबंद, ज्यांची हौस अलीकडे शहरातील गच्च्यांवर पुन्हा दिसू लागली आहे.

इतिहासाच्या व्याख्यानाला सनदा आणि लढाया सोडून चटणीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण घराचाही इतिहास असतो, आणि तो दप्तरखान्यात न सापडता बहुधा मोरीपाशी सापडतो.

मराठी शास्त्रग्रंथांत पुदिन्याच्या कुलाला तुलसी कुल असे सार्थ नाव दिलेले आहे. चौकोनी दांडा, समोरासमोर पाने, ओठासारखी दुभंगलेली फुले आणि पानांवर तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी ही या कुलाची ओळख. पान चुरडले की या ग्रंथी फुटतात आणि वास सुटतो. तुळस, सब्जा, मरवा, पाच, पानओवा, पुदिना ही सारी याच घराण्यातली. (दवणा मात्र यांतला नव्हे. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा शेवंतीच्या कुलातला. वेणीत मरव्याशेजारी बसतो म्हणून त्याला भाऊबंद समजतात, एवढेच.) आपल्या घरांत या कुलाची माणसे फार पूर्वीपासून नांदत आहेत. सुश्रुतसंहितेतला सुरसादि गण पाहावा. सुरसा, श्वेतसुरसा, फणिज्झक, अर्जक, सुमुख, कालमाल, कुठेरक अशी नावांमागून नावे येतात. फणिज्झक म्हणजे मरवा, असे बहुतेक टीकाकार मानतात; बाकीच्यांपैकी काही नावे कोणत्या झाडाला लावायची यावर वैद्यांत वाद आहेत. पण आमचा मुद्दा निराळा आहे. आज आपण ज्यांना सरसकट तुळस किंवा सब्जा म्हणू, अशा झाडांना त्या काळच्या माणसाने वेगवेगळी नावे देऊन ठेवली होती. त्याचे नाक आपल्याहून तयार होते. सक्करदऱ्याच्या चौकाजवळ रघुजीनगरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तेथील विद्यार्थ्यांना हा गण शिकावा लागतो. राजाची बाग जेथे होती त्याच परिसरात बागेतल्या झाडांची नावे पोथीतून पाठ केली जातात, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

सक्करदऱ्याचा आणखी एक धागा या कुलाशी जुळतो. १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यावर आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे देहावसान झाले. उमरेड रस्त्यावरच्या ताजबागेत त्यांचा दर्गा आहे आणि सर्व धर्मांचे लोक तेथे जातात. दख्खनी मुसलमानांत कबरीवर सब्जा लावण्याची चाल जुनी आहे. कुराणात स्वर्गाच्या वर्णनात रैहान म्हणून जी सुगंधी वनस्पती येते, ती सब्जाच समजली जाते. इकडे हिंदूच्या दारात तुळशीवृंदावन, मरणाऱ्याच्या मुखात तुळशीचे पान. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तुळस आणि सब्जा एकाच प्रजातीच्या दोन जाती, सख्ख्या बहिणीच म्हणा ना. महालातली तुळशीबाग आणि सक्करदऱ्यापलीकडची ताजबाग यांच्यामध्ये अंतर फार थोडे आहे.

पुदिना या मंडळींत मागाहून आलेला. नावच फारसी आहे. हकिमांचा अर्क-ए-पुदिना आणि मुसलमानी स्वयंपाकघर या वाटांनी तो आपल्याकडे रुळला. त्याला देवघरात जागा मिळाली नाही. तो वाहत नाहीत, माळत नाहीत, त्याचे व्रत नाही. त्याला जागा मिळाली ती विहिरीच्या थारोळ्याशी, न्हाणीच्या पाटाशी, रांजणाखाली जेथे पाणी ठिबकते तेथे. कोणी मुद्दाम आळे करून तो लावला, असे फारसे होत नसे. बाजारातून आणलेल्या जुडीची पाने खुडून घेतली, काड्या ओल्या जागी खोचल्या, की झाले. सांबार मात्र पेरावा लागतो. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यात डाळ शोधू नये.) सांबार आणि पुदिना भाजीवालीच्या टोपलीत शेजारी शेजारी बसतात, पण त्यांच्या जगण्याच्या रीती अगदी भिन्न आहेत, आणि पुदिन्याचा सगळा इतिहास या रीतीत आहे.

पुदिना जमिनीखालून व जमिनीलगत धावत्या फुटव्यांनी पसरतो. बी त्याला येते, पण त्याच्या जाती एकमेकींशी सहज संकर करतात, म्हणून बियांपासून आलेले रोप आईच्या वासाचे असेलच असे नाही. पेपरमिंटचे तर बी जवळजवळ वांझच. मराठी मुलांच्या तोंडी जो शब्द कोणत्याही गोड गोळीला लागतो, त्या शब्दाचा मूळ धनी असलेली ही वनस्पती इंग्लंडात हर्टफर्डशर परगण्यात आढळली आणि १६९६ साली जॉन रे या शास्त्रज्ञाने तिची नोंद केली. ती दोन जातींचा आपोआप झालेला संकर होती. तिच्यापासून पुढे लंडनजवळच्या मिचम गावी अठराव्या शतकात मोठी शेती झाली, तिच्या मुळ्या अमेरिकेत गेल्या. पण हे सर्व तुकडे तोडून तोडून. आज कोणाच्या कुंडीत अस्सल मिचम पेपरमिंट असेल, तर ते त्या जुन्या रोपाचे नातवंड नव्हे, ते रोपच आहे. फक्त असंख्य हातांतून फिरत आलेले.

यात बळ आहे तसा धोकाही आहे. अमेरिकेत पेपरमिंटच्या शेतांत मर रोग शिरला, तेव्हा सारी रोपे एकाच रक्ताची असल्याने सारीच रोगाला बळी पडू लागली. संकर करून नवे वाण काढावे तर बी नाही. शेवटी ब्रूकहेवन येथील अणुसंशोधन प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात मुळ्यांवर किरणांचा मारा करण्यात आला, हजारो रोपांतून रोग सोसणारी थोडी निवडली, आणि १९७० च्या दशकात ‘टॉड्स मिचम’ हा वाण लागवडीस आला. एक वास वाचविण्यासाठी अणुभट्टीपर्यंत जावे लागले, असा हा प्रकार आहे.

दुसरी हकीकत जपानची. तिकडचा पुदिना, शास्त्रीय नाव मेंथा आर्व्हेन्सिस, मेंथॉलने भरलेला असतो. होक्काइडो बेटावरील कितामी भागात दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगातील मेंथॉलचा फार मोठा हिस्सा निघे. युद्धात ती शेती मोडली. १९५० च्या दशकाच्या आरंभी हा जपानी पुदिना जम्मूच्या औषधी संशोधन प्रयोगशाळेने भारतात आणला. तेथून तो तराईत उतरला, आणि आज बाराबंकी, बदायूं, संभळ, रामपूर या उत्तर प्रदेशच्या जिल्ह्यांमुळे जगातील नैसर्गिक मेंथॉलचा बहुतेक पुरवठा भारतच करतो. आपल्या घरातील बामाची डबी, खोकल्याची गोळी, दंतमंजन यांत तोच असतो. ओव्याचे फूल, कापूर आणि पुदिन्याचे फूल हे तीन कोरडे पदार्थ एका शिशीत घातले की पाहता पाहता त्यांचे पाणी होते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. ‘अमृतधारा’ या नावाने लाहोरच्या वैद्यांनी ते गेल्या शतकाच्या आरंभी देशभर पोचविले. ‘पुदिन्याचे फूल’ म्हणजे पुदिन्याला येणारे फूल नव्हे, मेंथॉलचे खडे. (तान्ह्या मुलाच्या नाकाला मात्र यातले काही लावू नये. त्याचा श्वास अडकू शकतो.)

आता या सगळ्यांचे वास निरनिराळे का, हे थोडक्यात सांगतो, कारण घरी लावताना त्याचा उपयोग होतो. चटणीचा जो पहाडी पुदिना, मेंथा स्पायकाटा, त्याच्या तेलात मुख्यतः कार्व्होन असते, मेंथॉल जवळजवळ नसते. म्हणून तो गोडसर वासाचा, पण जिभेला फारसा गार लागत नाही. गंमत अशी की बाळंतशेपेतही कार्व्होनच असते. रेणू तोच, फक्त आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा, जसा डावा हात आणि उजवा हात. नाकाला हा फरक कळतो; एकाला आपण पुदिना म्हणतो आणि दुसऱ्याला शेपू. हे १९७१ साली प्रयोगाने सिद्ध झाले. जपानी पुदिना व पेपरमिंट यांत मेंथॉल असते, ते जिभेला झोंबून गार लागते. हा गारवा खरा नव्हे. त्वचेतील ज्या मज्जातंतूंना सुमारे २६ अंशांखालची थंडी कळते, त्यांच्यावरचे ग्राहक मेंथॉल उघडते आणि मेंदूला गार वाऱ्याची खोटी वर्दी जाते. २००२ साली दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी हे शोधून काढले. त्यांचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पटापुटियन यांना २०२१ साली स्पर्श व तापमान यांच्या संवेदनेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेल्या नागपुरात या खोट्या वर्दीची किंमत आम्ही सांगायला नको.

हौसेच्या वाणांत संत्री पुदिना आहे. त्याला मेंथॉलचा वास नाही. लिनालूल व त्याच्या जोडीचे द्रव्य यांमुळे तो लिंबूवर्गी फुलांसारखा, कोलन वॉटरसारखा दरवळतो. संत्र्याच्या नगरीत तो लावण्याचा मोह कोणालाही होईल, आणि व्हावा. सफरचंदी पुदिन्याची पाने गोल व लवदार, अननसी पुदिना त्याचाच पांढऱ्या काठाचा प्रकार. चॉकलेटी म्हणून विकतात तो पेपरमिंटचाच वाण. त्यात चॉकलेट शोधणाऱ्याची निराशा व्हायची. हे सर्व वाण तुकड्यानेच टिकतात. म्हणून आकर्षक चित्राच्या पाकिटात ‘अननसी पुदिन्याचे बी’ मिळत असेल, तर पैसे खिशातच ठेवलेले बरे. सब्ज्याचे मात्र बी पेरावे. ते झाड बियांतून नाना वासांचे निपजते, कधी लिंबाचा, कधी बडीशेपेचा, कधी लवंगेचा. आवडेल ते ठेवून त्याचेच बी धरावे. उरलेले पाण्यात भिजवून सरबतात.

आमचे मत विचाराल तर या विलायती वासांच्या मागे लागण्यापूर्वी घरचा, म्हणजे शेजाऱ्याचा, पुदिना आधी मिळवावा. जुन्या मोहल्ल्यांत प्रत्येक वाड्याच्या पुदिन्याचा वास किंचित वेगळा असे. तो कोणी नोंदला नाही, त्याला नाव नाही. एका बाईने दुसरीला चार काड्या दिल्या, लेकीने माहेरून सासरी नेल्या, एवढेच त्याचे दप्तर. विहिरी बुजल्या, न्हाण्यांना फरशी आली, सांडपाणी नळातून गेले, तेव्हा त्या रोपांची जागा गेली. कुंडीतले रोप एका मे महिन्यात मरते. घरची मंडळी पंधरा दिवस लग्नाला गेली की संपले. मिचमच्या पेपरमिंटसाठी प्रयोगशाळा धावली. सक्करदऱ्याच्या एखाद्या वाड्यातल्या बिननावाच्या पुदिन्यासाठी कोण धावणार? तो बियांतून परत यायचा नाही. तो कोणाच्या तरी कुंडीत असला तरच आहे.

नागपुरात तो राखण्याची रीत अवघड नाही. आपली काळी माती एकटी वापरू नये. ती पाण्याने चिकटते व उन्हाने भेगाळते. तीत तितकेच कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी. कुंडी खोलीपेक्षा रुंदीला मोठी घ्यावी, कारण फुटवे आडवे धावतात. दोन वाण एका कुंडीत घालू नयेत. वर्षाच्या आत दांडगा वाण दुसऱ्याला गिळतो आणि दोष मात्र मातीला दिला जातो. होळीनंतर कुंडी पूर्वेच्या भिंतीशी न्यावी, म्हणजे सकाळचे ऊन मिळते व दुपारची झळ लागत नाही. फूल येण्याआधी वरचे शेंडे खुडत जावे, वास तेव्हाच भरात असतो. पानाच्या पाठीवर तांबड्या पुळ्या दिसल्या तर तो तांबेरा; त्या फांद्या तोडून जाळाव्यात. विलायती पेपरमिंट येथे वाढते, पण पूर्ण भरात येत नाही. त्याच्या तेलाला लांब दिवस लागतो. लंडनला जूनमध्ये साडेसोळा तास उजेड असतो, नागपुरास साडेतेराच्या आतच. जपानी पुदिन्याला आपले हवामान त्यामानाने मानवते.

उपयोगाचे म्हणाल तर ज्याचा त्याला मान द्यावा. चटणीला आणि मठ्ठ्याला पहाडीच. जपानी घातला तर चटणी कडवट होऊन दंतमंजनाची आठवण देते. जपान्याची दोन पाने उकळत्या पाण्यात टाकून वाफ घ्यावी. संत्री पुदिना लिंबाच्या सरबतात किंवा मोसंबीच्या रसात घालावा. कैरीच्या पन्ह्यात आम्हांस तो रुचत नाही, तेथे वेलदोडाच बरा. सफरचंदीची पाने लवेमुळे कच्ची खाण्याजोगी नाहीत. पाण्याच्या माठात रात्रभर टाकून सकाळी काढावीत. वाळवायचा तर सावलीत.

मृगाचा पाऊस पडला की वीतभर काडी, बोटभर भाग सोडून खालची पाने काढलेली, पाण्याच्या पेल्यात ठेवावी. आठदहा दिवसांत पांढऱ्या मुळ्या सुटतात. दरवर्षी अशी नवी कुंडी भरावी, जुन्या मुळ्या तिसऱ्या वर्षी थकतात. एका वाणाच्या किमान दोन कुंड्या असाव्यात, आणि त्यांतली एक आपल्या घरी नसावी. ती शेजारी द्यावी, किंवा ज्या घरी उन्हाळ्यात कोणी गावाला जात नाही अशा घरी. देताना वाणाचे नाव कागदावर लिहून कुंडीला बांधावे. नाव नसेल तर ज्या घरातून काडी आली त्या घराचे लिहावे.